पुलगावला फक्त चार्जिंग

तुम्ही कधी नवऱ्याशेजारी बसून बॅटरीच्या गाडीचा लांबचा प्रवास ठरवला आहे का? नसेल, तर ऐका. आमच्या तिरोड्याच्या घरी ही गाडी येऊन अजून वर्ष व्हायचं आहे, पण किस्से इतके साठलेत की भिशीतल्या बायका आता माझी तब्येत विचारत नाहीत. "गाडी कुठं अडली?" म्हणून विचारतात. मी सांगते, त्या हसतात, मीही हसते. सगळं सांगत नाही, एवढंच.

घरात आम्ही तिघं. आमचे हे, त्यांचे धाकटे भाऊ म्हणजे माझे भाऊजी, आणि मी. दोघा भावांचं खत-बियाण्यांचं दुकान आहे. मुलगी अश्विनी लग्न होऊन पुण्याला.

*

गाडी आली त्याच आठवड्यात आम्ही मासे आणायला नवेगाव बांधला गेलो. कंपनी म्हणते तीनशे किलोमीटर, त्यामुळे हे खुशीत होते, पूर्ण चार्ज न करताच निघाले. परत येताना तिरोडा दहा किलोमीटर राहिलं आणि बॅटरी पाच टक्क्यांवर आली. ह्यांनी आधी एसी बंद केला, मग गाणी, मग माझा मोबाइल चार्जिंगवरून काढला. शेवटी भाऊजींना म्हणाले, "तू उतर गा. वजन होऊन राहिलं."

"दादा, मासे उतरव ना. मी घरचा आहो."

"मासे दोन किलो आहेत."

भाऊजी उतरले. आम्ही बैलगाडीच्या चालीनं निघालो. थोड्या वेळानं मागून एक ट्रॅक्टर आला आणि आम्हाला ओलांडून पुढे गेला. ट्रॉलीत भाऊजी बसले होते. त्यांनी आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

*

नातीचा पहिला वाढदिवस ठरला आणि पुण्याला गाडीनंच जायचं, असं ह्यांनी जाहीर केलं. आमच्या घराण्यात प्रवासात कोणी लॉजवर उतरत नाही, नातेवाइकांकडे उतरतात. म्हणून ह्यांनी चार्जर शोधलेच नाहीत. वही घेतली आणि रस्त्यावरच्या नातेवाइकांची यादी केली, लग्नपत्रिका वाटायला करतात तशी.

पहिला फोन नागपूरच्या माझ्या नणंदेला. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन महिना झाला होता. आम्ही भेटायला गेलो नव्हतो. ह्यांनी विचारलं, "तुमच्या गॅलरीत पंधरा अँपियरचा प्लग आहे का वं?"

 ती म्हणाली, "प्लग आहे दादा. गुडघाही आहे, तो विचारला नाही तुनं."

तिथं गॅलरीतून खाली वायर सोडायचं रद्द झालं. तिसरा मजला उंच पडतो, असं ह्यांनी मला सांगितलं.

*

मग अश्विनीनं व्हिडिओ कॉलवर ॲप उघडून दाखवलं. नागपूरच्या बाहेर एक चार्जर, त्यानंतरचा भरवशाचा पुलगावला, पेट्रोल पंपावर. ती म्हणाली, "बाबा, पुलगावला थांबावंच लागेल. तासभर."

 पुलगाव माझं माहेर. माझा दादा आणि वहिनी तिथं राहतात, आणि चार वर्षं मी त्या घरात पाय ठेवलेला नाही.

अश्विनीच्या लग्नात नवरीला मांडवात आणायचा मान मामाचा. दादाची रेल्वेगाडी वीस मिनिटं लेट होती. मी म्हटलं, थांबा. हे म्हणाले, मुहूर्त थांबत नाही, आणि मामाच्या जागी भाऊजींना उभं केलं. दादा आला तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. तो पाणीसुद्धा न पिता स्टेशनवर परत गेला. तेव्हापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद.

भाऊजी हळूच म्हणाले, "वहिनी, तुमचं माहेर आलं की."

ह्यांनी वहीत लिहिलं, "पुलगाव. फक्त चार्जिंग."

*

निघायच्या आदल्या दिवशी मी दहा किलो तांदूळ बांधला, आमच्या शेतातला चिन्नोर. ह्यांनी तो डिकीतून काढून ओसरीवर ठेवला.

"वजन कायले वाढवतेस? पुण्यात तांदूळ भेटत नाही का?"

तो पुण्यासाठी आहे, असं मी म्हटलंच नव्हतं.

*

नागपूरच्या बाहेर पोचलो तर चार्जरला दुसरी गाडी लावलेली, मालक कुठं गेला पत्ता नाही. ह्यांना थांबायचा कंटाळा, तसेच पुढे निघालो. काचा बंद, एसी बंद, मे महिना. वर्ध्यापर्यंत आम्ही तिघं भाजीसारखे शिजलो. पुलगावच्या पंपावर पोचलो तेव्हा आठ टक्के उरले होते.

ह्यांनी वायर लावली. मशीनवर एक तास पाच मिनिटं आलं. तिथून दादाचं घर ऑटोनं दहा मिनिटांवर. मी म्हटलं, "मी जाऊन येते."

"गाडी भरली की निघायचं. कोणासाठी थांबणार नाही."

मी वहिनीला फोन केला, फक्त आवाज ऐकायला, आणि पंपावर आहोत एवढं सांगितलं. पण दहा मिनिटांत दादाच स्कूटरवर आला. केस पार पांढरे झालेले. माझ्याकडे एकदा बघितलं आणि सरळ ह्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"जवाईबुवा, घरी चाला. स्वयंपाक होऊन राहिला."

"गाडी सोडून कसं येणार?"

"मंग हिले तरी घेऊन जातो. तासाभरात आणून सोडतो."

हे मशीनकडे बघत राहिले. "उशीर होते."

दादानं वायरीकडे बघितलं, मशीनवरचे आकडे वाचले. म्हणाला, "माह्यासाठी वीस मिनिटं नव्हते तुमच्यापाशी. या डब्ब्यासाठी तास आहे."

ह्यांनी वायर ओढून काढली. पंचवीस टक्के झाले होते. "बसा," म्हणाले. भाऊजी म्हणाले, "दादा, पुरणार नाही." हे म्हणाले, "बस म्हटलं ना."

मी बसले. दादा स्कूटरजवळ उभा होता. मी काच खाली केली, तोवर गाडी रस्त्याला लागली होती.

पुढचा चार्जर पस्तीस किलोमीटरवर. तिथं पोचलो तर दुपारच्या वादळानं सगळ्या भागाची लाईन गेलेली. गाडीत सहा टक्के. पुढेही जाता येईना, मागेही जाता येईना. संध्याकाळी भाऊजी कोणाला न विचारता बाजूला गेले आणि त्यांनी माझ्या दादाला फोन लावला. काय बोलले, ते त्यांनी सांगितलं नाही. रात्र आम्ही गाडीतच बसून काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादानं गाड्या वाहून नेणारा टेम्पो पाठवला. टेम्पोवाल्यानं आमची गाडी पुलगावच्या त्याच पंपावर नेऊन उतरवली, शंभर टक्के होईपर्यंत आम्ही तिघं तिथं बसून राहिलो आणि मग पुण्याला निघालो. दादा आला नाही.