टेकाडे सरांचा टेक्सासचा नकाशा

प्रा. दिगंबरराव टेकाडे सर वर्गात आम्हाला शिकवीत होतेच, पण त्यांची माझी खरी ओळख झाली ती अमरावतीच्या भाजीबाजारात. मी भूगोलाच्या पहिल्या वर्षाला होते आणि चांदूर रेल्वेहून रोज ये-जा करीत असे. सरांनी काम दिले होते. बाजारात भाजी, फळे, फुले घेऊन बसणाऱ्या बाया कोणत्या गावांहून येतात ते विचारायचे आणि जिल्ह्याच्या नकाशावर ठिपके मांडायचे. मला हे काम निरर्थक वाटले. निम्मे ठिपके मी फलाटावर बसून अंदाजाने मांडले. दुसऱ्या दिवशी सर मला आणि माझ्या वहीला घेऊन थेट बाजारात उभे राहिले.

"ह्या भेंडीवाल्या बाईचं गाव तू मोर्शी लिहिलं. तिले इचारलं काय?"

"नाही सर. पण संत्री मोर्शीकडची, आणि तिच्याकडे संत्रीही आहेत, म्हणून..."

"म्हणून मोर्शी! आन् माह्या खिशात पेन हाय म्हणून मी कलेक्टर?"

भेंडीवाली बाई पोट धरून हसली. मग म्हणाली, "इचार ना पोरी, मी काई चावत नाही. पण कोनतं गाव सांगू? माहेर नेर, सासर तिवसा, आन् वावर मोझरीच्या बाजूले."

मी सरांकडे पाहिले. ते म्हणाले, "मले काय पाहून राहिली? कोनतं गाव धराचं ते तू ठरव. फक्त नकाशाखाली लिहून ठेव, का तू काय धरलं."

मी रागावून घरी गेले. पण त्या दिवसापासून आजतागायत एकही ठिपका मी न विचारता मांडलेला नाही, आणि नकाशाखाली टीप असल्याशिवाय एकाही विद्यार्थ्याची वही तपासलेली नाही. अकोल्याच्या महाविद्यालयात मी जवळजवळ तीस वर्षे भूगोल शिकविला. तेथे माझी ख्याती एका गोष्टीसाठी होती: मी प्रत्येक तक्त्याची बेरीज स्वतः करून पाहते. ही सवय सरांचीच. याच सवयीने मला यंदा खड्ड्यात घातले, त्याचे सविस्तर पुढे येईल.

सरांचे सारे आयुष्य एका प्रश्नात गेले: कोणत्या शहरात कोण राहते, आणि तेथेच का राहते? अकोल्यातील सिंधी कुटुंबे, अमरावतीतील तेलुगूभाषक, बडनेऱ्याला रेल्वेच्या आधाराने वसलेले परप्रांतीय, गावोगावचे विणकर. या सर्वांचे नकाशे सरांनी घरोघर हिंडून केले. लोक त्यांना कधी मतदार यादीवाला समजत, कधी लग्न जुळविणारा. सर दोन्ही नाकारीत नसत. "त्यानं चहा मिळते," असे ते म्हणत. संख्या आणि प्रमाण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांनी आमच्या डोक्यात ठोकून बसविले. मोठ्या शहरात एखाद्या समाजाचे लोक पुष्कळ असतात, तरी ते तेथे मूठभरच ठरतात. लहान गावात ते थोडे असले तरी गाव त्यांचेच असते.

व्यक्तिशः माझ्यावर त्यांचे उपकार आहेत. प्रबंधाच्या काळात माझी धाकटी तान्ही होती आणि मला अमरावतीला जाणे शक्य नव्हते. मी काम सोडते असे पत्र सरांना लिहिले. उत्तर आले नाही, सर स्वतःच आले. माझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसून, एका पायाने पाळणा हलवीत, त्यांनी प्रकरण तपासले आणि निम्मे खोडले. असे ते सहा-सात वेळा आले. जेवायला एकदाच थांबले, आणि वरणात मीठ कमी आहे हेही सांगितले.

आता यंदाची गोष्ट. ती मी काकूंच्या, म्हणजे सौ. टेकाडे यांच्या परवानगीने लिहीत आहे. सरांनाही विचारले होते. "लिही" एवढे म्हणून त्यांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरले.

सरांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथासाठी सरांनीही एक लेख द्यावा, अशी गौरव समितीची विनंती होती. सरांनी लेख दिला नाही. एक नकाशा आणि एक तक्ता दिला. विषय होता अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या शहरांमधील हिस्पॅनिक लोकसंख्या. हिस्पॅनिक म्हणजे ज्यांचे मूळ मेक्सिकोसारख्या स्पॅनिशभाषक देशांत आहे असे लोक. समितीचे चिटणीस गजाननराव सरांचेच विद्यार्थी. ते दोन्ही कागद घेऊन ते अकोल्याला माझ्याकडे आले.

"ताई, आता काय करायचं? वऱ्हाडातले लोक सोडून सर टेक्सासमध्ये काहून गेले?"

मलाही कळले नाही. मी सरांना फोन केला. ते म्हणाले, "तिकडं आकडे चांगले भेटतात." दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारले, तर म्हणाले, "बसल्या बसल्या होते, पाय दुखत नाहीत." तिसऱ्या वेळी म्हणाले, "काहून? बंदी हाय का?" तीन दिवसांत तीन कारणे. सर असे बोलणारे नव्हेत.

आणखी एक काळजी होती. त्याच महिन्यात अकोल्याच्या एका कार्यक्रमाला निघालेले सर मोर्शीच्या बसमध्ये बसून पार मोर्शीला पोहोचले होते. पंचाहत्तरी आली की माणसे अशा गोष्टी जोडून पाहू लागतात. गजाननरावांनी हलक्या आवाजात विचारले, "डोकं तर ठीक आहे ना सरांचं?" मी म्हटले, नकाशा आणि तक्ता ठेवून जा, मी तपासते.

मी तक्ता तपासला. दर ओळीला शहराचे नाव, मग एकूण लोकसंख्या, मग गोरे, कृष्णवर्णीय, आशियाई, इतर असे रकाने, आणि शेवटी हिस्पॅनिक. मी आडवी बेरीज केली. ती एकूण लोकसंख्येच्या पुढे गेली. दुसरी ओळ केली, तीही गेली. एकही ओळ जुळेना. लारेडो नावाच्या सीमेवरच्या शहरात तर माणसे जवळजवळ दुप्पट झाली. मी तीनदा बेरीज केली. मग वही मिटली. ज्यांनी मला बेरीज शिकविली, त्यांना आता बेरीज येत नव्हती.

मी गजाननरावांना कळविले: नकाशा छापू नका, सरांचे हसे होईल. त्यांनी सरांना निरोप दिला की जागा अपुरी आहे. ते खोटे होते, आणि ते माझ्या सांगण्यावरून बोलले गेले, हे येथे नमूद करते.

दोन दिवसांनी काकूंचा फोन आला. "सुमन, यायले जेवाले बलावते त येत नाहीत. तो नकाशा काढून टाकला काय तुमी?"

मी अमरावतीला गेले. सर अंगणात बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. स्वयंपाकघरात काकूंनी मला जे सांगितले ते मला ठाऊक नव्हते, आणि इतक्या वर्षांत मी विचारलेही नव्हते. सरांचे चिरंजीव संजय टेक्सासमध्ये नोकरीला आहेत. त्यांनी तेथेच लग्न केले, आणि घरी कळविले ते लग्नानंतर. सूनबाईंचे नाव मारिसोल. त्यांचे आजोबा मेक्सिकोतून आलेले, माहेर लारेडोचे. सरांनी तेव्हापासून मुलाशी बोलणे टाकले. फोन आला की काकूंच्या हाती देत. पण आता गौरव समारंभाला संजय सहकुटुंब येणार आहेत. सूनबाई या घरात पहिल्यांदाच पाऊल टाकणार आहेत.

"येतो म्हणून फोन आला त्या दिवसापासून हा माणूस कागद घेऊन बसला," काकू म्हणाल्या. "मी म्हटलं, दोन शब्द बोला ना तिच्यासंग. त म्हणते, आधी पाहू दे, तिचे लोक कुठं कुठं राहातात."

"आणि काकू, ते मोर्शीच्या बसचं?"

"बसचं काय घेऊन बसली माय! चाळीस वर्षांपासून हा माणूस चुकीच्याच बसमधी बसून राहिला."

मी अंगणात खुर्ची ओढून बसले आणि सरांसमोर तक्ता ठेवला. म्हटले, "सर, बेरीज जुळत नाही."

सरांनी प्रथमच माझ्याकडे पाहिले. "जुळावं कायले?"

"प्रत्येक शहरात माणसं जास्त होतात. लारेडोत तर दुप्पट."

"सुमन, तू वऱ्हाडी हाय का?"

"हो."

"मास्तरीन हाय का?"

"होते."

"आन् म्हातारी?"

"सर!"

"म्हंजे ह्या खुर्चीवर तीन बाया बसल्या काय? मोज बरं."

अमेरिकेच्या जनगणनेत वंश हा एक प्रश्न आहे आणि हिस्पॅनिक आहात की नाही हा दुसरा. एकच माणूस गोऱ्यांच्या रकान्यात असतो आणि हिस्पॅनिकांच्याही. ते रकाने एकमेकांत मिळवायचेच नसतात. सरांनी हे नकाशाखालच्या टिपेत स्वच्छ अक्षरात लिहिले होते. मी तक्ता घेऊन बेरजेला बसले आणि नकाशा उघडलाच नाही. अकोल्यात शेकडो विद्यार्थ्यांना "आधी टीप वाचा" म्हणून बाकावर उभे करणारी बाई ती मीच.

मग सरांनी नकाशा उलगडला. वर्तुळ संख्येचे, रंग प्रमाणाचा. ह्यूस्टनचे वर्तुळ सर्वांत मोठे, पण रंग मध्यम, कारण लोक पुष्कळ असले तरी शहर त्याहून मोठे. सॅन अँटोनियो गडद, तेथे निम्म्याहून अधिक तेच. उत्तरेकडे डॅलसच्या आसपासची काही उपनगरे अगदी फिकट. आणि नदीकाठी, सीमेला लागून, लारेडो. वर्तुळ लहान, रंग काळ्या मातीसारखा दाट.

"तिथं जवळपास सगळेच तिचे," सर म्हणाले. "आपल्याले वाटे, पोरगी परक्या मुलकातली, एकटी. एकटी कुठं हाय? ते त गावच तिचं हाय. संज्याच एकटा गेला तिच्यात."

मी विचारले, "सर, मग हे तुम्ही संजयला फोन करून का सांगत नाही?"

"तू पेपर तपासाले आली का मले?"

मला खरोखर कळत नाही. मुलाशी बोलायला ज्या माणसाला जड जाते, तो त्याच्या सासुरवाडीचे अख्खे राज्य महिनाभर खपून मांडतो, ही क्षमायाचना आहे की अभ्यास? काकूंना विचारले तर त्या म्हणतात, "यायच्यासाठी दोन्ही सारखंच." मी यावर पुष्कळ विचार केला. उत्तर सापडलेले नाही. गौरवलेखात असे लिहू नये हे मला ठाऊक आहे, पण न उमगलेल्या गोष्टी उमगल्या म्हणून लिहिण्याची शिकवण सरांनी दिलेली नाही.

मी त्याच दिवशी गजाननरावांना फोन करून माझी चूक सांगितली. ते म्हणाले, "ताई, आता छापखान्यात पानं लागली. खरंच जागा नाही." या खेपेला ते खरे बोलत होते. म्हणून या लेखाच्या उत्तरार्धाची तीन पाने मी काढून टाकली. सरांनी भूषविलेली पदे, त्यांचे शोधनिबंध, त्यांना मिळालेले मानसन्मान त्या पानांत होते. लेखात ते का नाहीत असे कोणाला वाटल्यास त्याचे कारण हे आहे. त्या जागी टेक्सासचा नकाशा छापला आहे, टिपेसह. वाचकांनी आधी टीप वाचावी.

सौ. मारिसोल यांना माझी एक विनंती आहे. संजय ती त्यांना समजावून सांगतीलच. आपल्या गावांविषयी नकाशात काही चुकले असल्यास आपण सरांना समोरासमोर सांगावे. ते आधी वाद घालतील. मग रागावतील. मग दोन दिवस वर्तमानपत्र तोंडासमोर धरतील, आणि तिसऱ्या दिवशी पेन्सिल घेऊन आपल्याकडेच येऊन बसतील. सरांच्या सहवासातल्या माझ्या चाळीस वर्षांच्या अनुभवावरून सांगते, या सर्वाला वेळ लागतो. तेवढा वेळ, आणि त्यापुढचीही पुष्कळ वर्षे, त्यांना चांगल्या प्रकृतीने लाभोत.