पांढऱ्यात गेलेला हात

आम्ही दोघा नवराबायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे बाज ओढली. पायाकडची दोरी ढिली पडली होती, निजलं की कंबर भुईला टेकायची. मी दोरी ओढायचो, ओढली की तिनं ती अंगठ्यानं दाबून धरायची, तवर मी पुढचा वेढा घ्यायचो. एकट्याचं काम नव्हे ते. तिची पकड सुटली की मी खेकसायचो, अन् ती म्हणायची, "वढा की जोरानं. भाकरी तर चांगल्या खाताव." अर्धी बाज झाली. ऊन वर आलं म्हणून राहिलेली उद्या करू म्हणलो. संध्याकाळी चुलीपुढं बसल्या बसल्या ती कलंडली. दवाखाना गाठायच्या आधीच गेली. यावर जास्ती लिहिण्यासारखं काही नाही.

तेरवीला फोटो लागतो. तिचा फोटो कुठला? आधार कार्डावरचा एक होता, त्यात ती चोरीत धरून आणल्यावाणी दिसते. पोरगं म्हणलं, तोच मोठा करून घेऊ. मी म्हणलो, तो भिंतीला लागला तर या घरात मी जेवायचा नाही. मग तिची पेटी उघडली अन् लुगड्याच्या घडीत ठेवलेली निगेटिव्ह बाहेर काढली.

लग्न नवं असताना आम्ही पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला गेलो होतो. तिच्या भावानं कुणाचा तरी कॅमेरा मागून आणला होता. देवळाबाहेर त्यानं आमचा फोटो काढला अन् त्याच्या पुढं रोल अडकला. का अडकला ते बघायला मेव्हण्यानं भर दुपारी कॅमेऱ्याचं झाकण उघडलं. रोल धुवून आला तर सगळा जळालेला. आमचा एक तेवढा अर्धा वाचला होता. अर्ध्याचा फोटो कशाला काढायचा, म्हणून फोटोवाल्यानं फिल्मचा तो तुकडा तसाच हातात दिला.

निगेटिव्ह उजेडाला धरली की काळं ते पांढरं अन् पांढरं ते काळं दिसतं. ती तेव्हा कवळी पोर, पण त्यात तिचे केस पांढरेफेक. माझ्या जागी नुसता काळा डाग. ती दारात उभी राहून बघायची अन् हसायची, म्हणायची, म्हातारपणीचा फोटो आधीच निघालाय माझा, तुमी मातर कुठं दिसंनात. ग्रहण लागलं की गल्लीतली पोरं सूर्य बघायला ती मागायची. तिनं कधी दिली नाही. पुढं तिचे केस खरंच पिकले, तेव्हा एकदा तिनं ती परत उजेडाला धरली.

"आता बरूबर आला," म्हणली.

देवगाव फाट्यावरच्या फोटोच्या दुकानदाराला निगेटिव्ह काय असते हेच ठाऊक नव्हतं. पोरानं मला गाडीवर सेलूला नेलं. तिथं एका स्टुडिओवाल्यानं काम घेतलं. खालून उजेड पडणाऱ्या काचेवर ठेवून त्याचा फोटो घेतला, कॉम्प्युटरवर काळ्याचं पांढरं केलं, अन् समोर एक पोरगी उभी राहिली. मला ओळखूच आली नाही. मी पांढऱ्या केसांची बाई घेऊन आलो होतो. मग तिनं खालचा ओठ दाताखाली धरलेला दिसला, तिची ती सवयच होती, अन् मी तिथल्याच बाकावर बसलो.

फिल्मवर ओरखडे होते, बुरशीचे ठिपके होते, अन् एक बाजू सगळी पांढरी. स्टुडिओवाला पोराला सांगायला लागला, ठिपके घालवतो, अंगावर पैठणी चढवतो, मागं निळा पडदा टाकतो, हे पांढरं कापून टाकतो. पोरगं मान हलवायलं होतं. त्यानं कापून दाखवलं. तिचा हात मनगटापासून गेला.

"हात कुठाय?" मी म्हणलो.

"तसाबी पांढऱ्यात गेलाय, बाबा. दुसरा जोडून देतो. बायांचे हात लय हायेत माझ्याकडं."

"दुसऱ्या बाईचा हात तिला कशाला? त्या हातानं तिनं माझा सदरा धरलाय."

"सदरा कुठाय ह्याच्यात?"

"ते पांढरं मी हाय."

तो हसला नाही. पोरगं म्हणलं, बापू, अर्धा कोरा फोटो लावला तर लोक काय म्हणतील. मी म्हणलो, लोकांनी जेवावं अन् जावं. शेवटी होता तसा, ठिपक्यासकट कागदावर काढून घेतला अन् फ्रेम केली.

तेरवीच्या दिवशी सून हार घेऊन फोटोपुढं गेली अन् तिथंच थांबली. मला वाटलं, हिलाबी फोटो पटला नाही. ती माझ्याकडं वळली.

"मामा, तुमी हाव की ह्याच्यात. जित्या माणसाला हार कसा घालू?"

पाहुण्यात कुजबूज झाली. कॅमेरा उघडणारा तोच मेव्हणा, आता काठी टेकत चालतो, म्हणला, पोरी, तिथं कोण दिसायलंय, घाल. एकजण म्हणला, तिच्याकडच्या कोपऱ्याला अडकवा. सून काही हलली नाही. मी स्टुडिओवाल्याला दिसलो नव्हतो, पोटच्या पोराला दिसलो नव्हतो, तिला दिसलो. इतके दिवस डोळे कोरडे होते, ते तिथं भरले.

"ऱ्हाऊ दे," मी म्हणलो. "मी गेल्यावर दोघायला एकच घाला."

तिनं हार खाली पाटावर ठेवला. सवाष्ण गेलेली बाई, म्हणून काचेवर तिच्या कपाळापाशी कुंकू तेवढं लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाज अंगणात आणली अन् राहिलेली दोरी ओढायला बसलो. हातानं ओढायची अन् पायाच्या अंगठ्यानं दाबायची. सारखी सुटायची. सून म्हणली, मी धरू का. नको म्हणलो. शेवटी गाठ मारली अन् बाज आत नेली. अर्धी घट्ट, अर्धी ढिली.