ओढ्याचं पाणी

काल सकाळी वत्सलावहिनींनी ओढ्यात ओंजळ बुडवली आणि पाणी तोंडावर मारलं. इतकी साधी गोष्ट, पण काठावरून बघताना मला एकदम हलकं वाटलं.

वहिनींचा गोठा ओढ्याच्या वरच्या अंगाला आहे. म्हशींचं शेण-मूत उतारानं पाण्यात यायचं. पाणी हिरवट झालं, वास मारू लागलं आणि आमच्या खालच्या वस्तीतली पोरं जुलाबानं आजारी पडली. माझी नातही पडली. ती बरी झाल्यावर मी वहिनींकडे गेले ती भांडायच्या तयारीनंच. त्यांनी ऐकून घेतलं. मग शेणाची पाटी खाली ठेवत म्हणाल्या, "मला कुणी सांगितलंच नाही हो."

वरच्या माणसाला खालचं पाणी दिसत नाही. कुणीतरी चढून जाऊन सांगावं लागतं, आणि आपण मात्र खालीच बसून चरफडत राहतो.

वहिनींनी उकिरडा लांब माळावर नेला. गोठा धुतलेलं पाणी चर खणून गवताच्या वाफ्यात सोडलं.

"मासोळ्या आल्यात बघा," काल त्या म्हणाल्या. मी वाकले. तळातले दगड स्वच्छ दिसत होते आणि त्यांच्यावरून बारीक मासोळ्या सरकत होत्या. आम्ही दोघी बराच वेळ तिथंच बसून राहिलो.