आधी काय कराल?

आमच्या ताई, म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, छातीच्या आजारांच्या इस्पितळात मावशी आहेत. मावशी म्हणजे शौचाचं भांडं देणारी, चादरी बदलणारी, पेशंटला चाकाच्या खुर्चीतून एक्स-रेला नेऊन आणणारी. मोठ्या डॉक्टरांपासून कालच भरती झालेल्या म्हाताऱ्यापर्यंत सगळे त्यांना मावशीच म्हणतात, आणि ते ताईंना मुळीच आवडत नाही. "सख्खी बहीण एक नाही, आणि मी अख्ख्या वॉर्डाची मावशी!" असं म्हणून त्या हसायच्या, पण ते हसू काही खरं नसायचं.

त्यांना सिस्टर व्हायचं होतं. लग्न जमलं नाही, की सासूबाईंनी जमू दिलं नाही, ते त्या दोघींनाच ठाऊक. घर भावाचं, पलंग आईच्या खोलीत. स्वतःचं म्हणून आयुष्यात काही मिळवायचं राहिलं असेल, तर ती 'सिस्टर' ही एक हाक.

इस्पितळाने जुन्या मावश्यांसाठी वाट ठेवली होती. नोकरी सांभाळून नर्सिंगचा छोटा कोर्स करायचा, मग श्वसनोपचाराची परीक्षा द्यायची. पास झालं की पांढरा गणवेश आणि श्वासाच्या मशिनांच्या खोलीत नेमणूक. कोर्स ताईंनी केव्हाच केला. परीक्षेत मात्र दोनदा आपटल्या. यंदानंतर वयाची अट आडवी येणार होती, म्हणजे ही शेवटची खेप. यात नापास, तर निवृत्तीपर्यंत भांडी आणि चादरी.

अभ्यास घ्यायचं काम माझ्याकडे आलं. मी शिवणकाम करते. सकाळची ड्यूटी करून ताई आल्या, की जेवणं उरकून आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायचो. मी गिऱ्हाइकाच्या परकराला तुरपाई घालत पुस्तकातून प्रश्न विचारायची आणि ताई उत्तरं द्यायच्या. त्यांनी काढलेलं फुप्फुसांचं चित्र बघून मी म्हटलं, "ताई, हा पायजमा छान झालाय, फक्त नाडी घालायची राहिली." तर म्हणाल्या, "ती श्वासनलिका आहे, मूर्ख." आतल्या खोलीतून सासूबाई धापा टाकत हसल्या. त्यांची छाती कित्येक वर्षं अधू. पलंगाशेजारी ऑक्सिजनचं सिलिंडर कायमचं उभं, पाहुणा येऊन राहावा तसं.

पाठांतरात ताई कच्च्या नव्हत्या. नळ्यांची नावं, औषधांची मात्रा, नाडी किती असावी, सगळं तोंडपाठ. मग त्या नापास कशा होतात, हे मला कळेना. जुने सोडवलेले प्रश्न एका बैठकीत बघितले तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. पेशंटला धाप लागली आहे, ओठ निळे पडत आहेत, आधी काय कराल? पेशंटची नळी निसटली आहे, आधी काय कराल? पेशंट मशीनशी झटापट करतोय, आधी काय कराल? खाली चार पर्याय. सगळीकडे ताईंची खूण एकाच पर्यायावर. 'वरिष्ठांना बोलवीन.'

"अहो, पेशंट गुदमरतोय! आधी त्याला उठवून बसवा की!"

"आधी हाक मारायची," ताई शांतपणे म्हणाल्या.

"पुस्तक म्हणतंय आधी बसवायचं. हाक नंतर."

"पुस्तक काय म्हणतंय ते मला पाठ आहे. प्रश्न वाचला की मला पेशंट दिसतो. आणि पेशंट दिसला की..."

मग हळूहळू निघालं. नोकरीला नव्या असताना एका पेशंटचा श्वास अडकला. ताईंनी त्याला उचलून बसवलं, मास्क लावला. माणूस वाचला. तरी मोठ्या सिस्टरांनी सगळ्या वॉर्डासमोर त्यांची खरडपट्टी काढली. "तुमचं काम हात लावायचं नाही, हाक मारायचं आहे." पोरसवदा वय, बाबा नुकतेच गेलेले, नोकरी जाईल ही भीती. तेव्हापासून ताई हाक मारतात. उभ्या नोकरीत त्यांनी दुसरं काही केलं नाही. त्या मोठ्या सिस्टर निवृत्त होऊन कधीच घरी बसल्या असतील. त्यांना हे आठवतही नसेल, आणि याचाच मला जास्त संताप येतो.

मी हट्टाला पेटले. उठता-बसता विचारायला लागले. भाजी चिरताना, केस विंचरताना, मोरीत असतील तर दाराबाहेरून, "ताई, धाप लागलीय, आधी काय कराल?" "बसवीन!" आतून ओरड यायची. सासूबाईंनाही चेव चढला. "मलाच बसवा आधी, पाठ दुखतेय," म्हणायच्या. ताईंची उत्तरं बरोबर यायला लागली. एकदाही चुकेनात. मला वाटलं, जिंकलो. शिंप्याची जात माझी, उसवलेलं शिवून दिलं की शिवलं, एवढंच मला कळतं.

परीक्षेच्या आदल्या दुपारी मी शेजारणीकडे कपडे द्यायला गेले होते. तिच्या दारातच मला ताईंचा आवाज ऐकू आला. "सिस्टर! सिस्टर, लवकर या! पेशंट बघा!"

मला वाटलं, कुणी ओळखीची सिस्टर घरी आली असेल. आले तर ताई उंबऱ्यात उभ्या, दोन्ही हातांनी चौकट धरलेली, आणि रिकाम्या रस्त्याकडे बघून ओरडतायत. आत सासूबाई उशांवरून घसरून आडव्या झालेल्या, ओठ जांभळे, एक हात पलंगाच्या पट्टीवर आपटतोय. मी धावत जाऊन त्यांना काखेत धरून बसवलं, मांडीवर उशी दिली, पुढे वाकवलं. इतके दिवस तेच तर वाचून दाखवत होते. आणि जिवाच्या आकांताने ओरडले, "ताई, नळी लावा!"

त्या लगेच आल्या. नळी लावली, सिलिंडरची चावी बेतानेच फिरवली, आईच्या पाठीवर हात ठेवून श्वास मोजू लागल्या. हात जराही कापत नव्हते. कुणीतरी सांगितल्यावर त्यांच्यासारखं काम करणारं माणूस नाही.

सासूबाईंचा श्वास ठिकाणावर आला. बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे उघडले आणि भाबडेपणाने विचारलं, "सिस्टर कोण आली होती गं?"

ताई उठून मोरीत गेल्या. नळ बराच वेळ चालू होता.

तरी संध्याकाळी त्या नेहमीसारख्या टेबलाशी येऊन बसल्या. स्वतःच म्हणाल्या, "विचार." मी सगळं पुस्तक विचारलं. सगळं बरोबर. माझा जीव भांड्यात पडला. दुपारचं काही मी काढलं नाही, त्यांनीही नाही.

सकाळी मी त्यांच्यासाठी चहा टाकला, दोन पेनं टेबलावर काढून ठेवली. ताई बाहेर आल्या त्या मावश्यांच्या निळ्या गणवेशात.

"हे काय? पेपरला हे घालून जाणार?"

"ड्यूटीला चाललेय."

मी चिडले. नको नको ते बोलले. इतके दिवस माझा वेळ घालवलात, शेवटची संधी आहे, उद्या रडत बसाल तर मी डोळे पुसायला येणार नाही. ताई चहा पीत ऐकत होत्या. मी थांबले तेव्हा म्हणाल्या, "पेपर मला आज जाईल गं. चांगला जाईल. म्हणून तर भीती वाटते."

"म्हणजे?"

"पास झाले, की त्या खोलीत मलाच ठेवतील. दार बंद, मशिनं, आणि पेशंटपाशी मी एकटी. काल आई होती माझी. स्वतःची आई! आणि माझे पाय दाराकडे पळाले." त्यांनी कप खाली ठेवला. "मीच सिस्टर झाले, तर मी हाक कुणाला मारू?"

त्यांनी कप विसळला, पालथा घातला, चपला घातल्या आणि निघाल्या.

आतून सासूबाईंनी विचारलं, "गेली का गं पेपरला?"

मी म्हटलं, "गेल्या."