बंद कुरणाची राखण

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. हे मी जिथं तिथं सांगते, कोणाला आगाऊपणा वाटला तरी सांगते. पण त्या पदवीची वाट एका कुरणातून गेली, आणि आदिलाबादच्या कॉलेजात मी हे सांगितलं की मैत्रिणींना खरं वाटत नसे.

जैनथच्या अंगाला, दोन बुटक्या टेकड्यांमधल्या खोऱ्यात आमचं गाव. अलीकडे आमची काळी शेतं, पलीकडे हायस्कूलचं गाव, आणि मधे नुसतं गवत. पाहुणा आला की त्याला जैनथचं काळ्या दगडाचं देऊळ दाखवायचे, पैनगंगेवर न्यायचे. कुरण कोणी दाखवत नसे. मला मात्र तेच बघण्यासारखं वाटायचं. भादव्यात त्यात उभा माणूस शिरला तर डोक्याचं फडकं तेवढं दिसावं.

आषाढात आखाडी झाली की कुरण बंद. दसऱ्यापर्यंत आत ना गुरानं जायचं, ना माणसानं. मग एका दिवशी अख्खं गाव विळे घेऊन उतरायचं आणि गवत कापायचं.

हे काऊन, म्हणून मी ज्याला त्याला विचारत फिरायची. बाबा म्हणायचे, निजामाच्या काळात तालुकदाराचे घोडे तिथं चरत, तेव्हापासूनची शिस्त आहे. पलीकडच्या गावचा म्हातारा शिंपी म्हणायचा, घोडे कशाचे, मिठाच्या गोण्या घेऊन लमाणांचे बैल उतरायचे, गवतातली ढोरांना पाणी पाजायची दगडी डोण त्यांचीच. शेजारची काकू माझ्यावरच उखडायची, "गवताले बी धरू द्या लागते, येवढं बी समजत नाई काय तुले?" मला तिघांचंही खरं वाटायचं.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी सातवी पास झाले. गावातली शाळा तिथंच संपली. हायस्कूलला जायला गाडीरस्ता होता, पण तो काळ्या मातीतून वळसा घेऊन जायचा आणि वाटेत नाला आडवा यायचा. पावसाळ्यात त्या चिखलात बैल रुतायचे. कुरणाची जमीन मुरमाड, चालायला चांगली. पण शाळा सुरू व्हायची आणि कुरण बंद व्हायचं.

"शिकली तेवढं बस झालं," आई म्हणाली. संध्याकाळी मला घेऊन बाबा मारुतीच्या पारावर गेले. तिथं पाटील आणि चार मोठी माणसं बसली होती.

"आजवर कोनाच्या पोराले आत जाऊ देल्लं नाई," पाटील म्हणाले. "तुह्या पोरीले कसं देऊ?"

"कोनीच जात नाई काय आत?" बाबांनी विचारलं.

"राखण्या जाते. दुसरं कोन जाईन?"

"मंग पोरीले राखण्या करा."

पार हसला. "हाव ना! दप्तर दाखवून ढोरं हाकलीन," एक जण म्हणाला. पण त्या वर्षी राखणीची पाळी ज्याच्याकडे होती, तो हसला नाही. ओल्या गवतातून साप चुकवत फिरायला कोणाला आवडतं? तो लगेच पुढे सरकला, "पाटील, माही पाळी देऊन टाका तिले. पोरगी हुशार हाय."

पाटलांनी मला जवळ बोलावलं. "दर शनवारी इथं येऊन सांगा लागीन. ज्याचं जनावर आत दिसलं, त्याचं नाव. लपवलं, तर राखन बी गेली अन् शाळा बी गेली. समजलं?"

ज्याचं नाव निघे त्या घराचा विळा दसऱ्यानंतर सगळ्यांच्या शेवटी कुरणात जायचा. म्हणजे त्याच्या वाट्याला नुसती कुसळी, जी बैलही तोंडात धरत नाहीत.

अशी मी काठी आणि दप्तर घेऊन शाळेत जाऊ लागले. पायाजवळून लावे भुर्रकन उडत. एकदा तणमोर पक्षी गवतावर सरळ वर उडाला आणि तिथंच खाली पडल्यासारखा उतरला. मी शाळा विसरून परत कधी उडतो ते बघत बसले. डोणीत पावसाचं पाणी साचलेलं असे आणि तिच्या काठावर घासल्याच्या खोल खुणा होत्या. दोरांच्या, की विळ्यांना धार लावल्याच्या? बोट फिरवून बघायची, कळायचं नाही.

पोळा झाल्यावर एका सकाळी डोणीजवळ एक पांढरा बैल चरताना दिसला. बाजूला पाटलांचा गडी बसलेला.

"पाटलाचा हाय वो बाई," तो म्हणाला. "पाह्यलं न पाह्यल्यासारखं कर."

घरी आई म्हणाली, "नाव घेऊ नको. ज्यानं शाळेत धाडलं त्याच्यावरच उलटतं का?" मी बाबांकडे पाहिलं. "राखन तुही हाय," ते म्हणाले आणि जेवत राहिले.

नाव घेतलं तर पाटील राखण काढून घेतील. नाही घेतलं आणि दुसऱ्या कोणी पाहिलं असलं, तरी जाईलच. शनिवारी पारावर उभी राहिले. "डोणीपाशी पाटलाचा बैल होता," मी म्हटलं.

"माहाच कशावरून?" पाटील म्हणाले. "पांढरे बैल गावात ढीगभर हायेत."

"एका शिंगाचा एकच हाय, पाटील."

मागून कोणी तरी फिस्सकन हसलं. पाटलांनी गड्याकडे पाहिलं. गडी जमिनीकडे बघत होता. पाटलांनी मिशी कुरवाळली. "शाळंत धाडली, तं हे शिंगं पाह्यत बसली," ते म्हणाले. मग उठता उठता, "आमचा विळा शेवटी."

पाटलीणबाई संक्रांतीपर्यंत आईशी बोलल्या नाहीत. राखण मात्र माझ्याकडेच राहिली.

पुढच्या आखाडीला पाटील स्वतः आमच्या दारात आले. त्यांची नात सातवी पास झाली होती. "येवढं मोठं कुरण तुह्या एकटीच्यानं राखनं होत नसन," ते म्हणाले, आणि आम्ही दोघी झालो. नंतर आणखी पोरी आल्या. इतक्या जणी रोज एकाच रेषेत चालल्या, की कुरणाच्या मधोमध उघडी पायवाट पडली. मग पारावर नवा वाद: राखणाऱ्या पोरीच कुरण तुडवत असतील तर ती राखण कसली? दोन शनिवार भांडण चाललं. शेवटी पाटलांनीच निकाल दिला, "जिथं गवतच उगवत नाई, ते कुरन कसं? पायवाट कुरनात नाई."

त्या दिवसापासून शाळेत जायला कोणत्याच पोरीला राखण्या व्हावं लागलं नाही. राखणीची पाळी परत बाप्यांकडे गेली, आणि ते चांगले कुरकुरले.