सांगायची फी, द्यायची फी

फी वाढली म्हटलं की लातुरात कुणी दचकत नाही. दरवर्षी जूनमध्ये ती वाढतेच. मी ज्या क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायचे तिथं तर शिकवणं सुरू व्हायच्या आधी मला प्रवेशाच्या टेबलावर बसवायचे. बाईमाणूस समोर असलं की पालक आवाज चढवत नाहीत, असा आमच्या संचालक सरांचा शोध होता. तो साफ खोटा होता, पण ते जाऊ द्या.

त्या टेबलावर मी एक गोष्ट शिकले. फी दोन असतात. एक सांगायची आणि एक द्यायची. सांगायची फी पत्रकावर छापलेली असते. ती मुकाट भरणारा माणूस म्हणजे कुठूनतरी लांबून आलेला नवखा. बाकीचे सगळे खुर्ची ओढून बसायचे, पाणी मागायचे आणि मग हळूच विषय काढायचे. थोरल्यानं इथंच बारावी केली होती. आमचे साडू तुमच्या सरांच्या गावचे. पोरीला दहावीला गणितात पैकीच्या पैकी आहेत. प्रत्येकाच्या खिशात एक कारण असायचं आणि प्रत्येक कारणाला आमच्याकडं एक सवलत तयार असायची. "हे फक्त तुमच्यासाठी हं, बाहेर बोलू नका," असं सर प्रत्येकाला बजावायचे. पालक खूश होऊन उठायचे आणि जिन्यात भेटलेल्या दुसऱ्या पालकाला एक अक्षर सांगायचे नाहीत. पुढच्या जूनमध्ये फी पुन्हा वाढायची.

मी मूळची भोकरची. लग्न होऊन इकडं आले तेव्हा मला हा प्रकार अजब वाटायचा. आई फोनवर विचारायची, "काय करून राहिलीस तिथं? शिकवायलीस का भाजी विकायलीस?" मला राग यायचा, पण तिचं चुकत नव्हतं.

या सगळ्या कारणांत सगळ्यात वजनदार कारण माझ्या सासऱ्यांकडं होतं. भूकंपग्रस्ताचा दाखला. त्यांना मी मामा म्हणायचे. त्र्याण्णव साली भूकंप झाला त्या पहाटे मामा आणि माझा नवरा, तेव्हा शाळकरी पोरगा, शेतात राखणीला होते. सासूबाई घरात होत्या. घर दगडमातीचं होतं. एवढंच मला माहीत आहे, कारण यापुढं त्या घरात कुणी कधी बोललं नाही. मामांनी तो दाखला मात्र लॅमिनेट करून घेतला होता आणि बंडीच्या आतल्या खिशात ठेवायचे. त्या दाखल्यावर पोराला लातुरात क्लासची फी अर्धी झाली. होस्टेलला जागा मिळाली. डॉक्टरकी थोड्या मार्कांनी हुकली, तेव्हा नर्सिंगचा प्रवेशही, मामा म्हणतात, त्याच दाखल्यानं झाला. नवरा शिकून ब्रदर झाला. दवाखान्यात पुरुष नर्सला आपल्याकडं ब्रदरच म्हणतात. तर मामांचा अनुभव असा, की जगात कुठल्याही टेबलावर तो कागद ठेवला की पलीकडचा माणूस चष्मा काढतो, "अरेरे" म्हणतो आणि आकडा कमी करतो.

माझी पोरगी रांगत होती तेव्हा नवरा इंग्लंडला गेला. तिकडच्या इस्पितळांना तेव्हा आपल्या नर्सेस हव्या होत्या, बोलावून नेत होते. वर्षभरात मला आणि पोरीला तिकडं न्यायचं, असं ठरलं होतं. मी क्लासवर सांगूनही टाकलं होतं की हे माझं शेवटचं वर्ष. मग एका रविवारी फोन आला की व्हिसाची फी वाढली. थोडीथोडकी नाही, जवळजवळ दुप्पट. ती माणशी होती आणि नवऱ्याचा स्वतःचा तिथं राहायचा परवाना संपत आला की त्याचीही वेगळी भरायची होती.

मामा बाजेवर बसून ऐकत होते. मी फोन ठेवल्यावर त्यांनी एकच विचारलं, "ही सांगायची झाली. द्यायची किती?"

"मामा, ही एकच असते."

"आसं कुटं आसतंय का?" ते म्हणाले आणि पोरीला घेऊन फुटाणे आणायला गेले.

मी संतापले होते, पण त्यांच्यावर नाही. माझा संताप असा होता, की तुम्ही आमच्या माणसाला बोलावून नेता. त्यानं तुमच्या म्हाताऱ्यांची कूस बदलायची, त्यांना भरवायचं, रात्रपाळ्या करायच्या, वर टॅक्स भरायचा. आणि त्यानं स्वतःची बायको-पोरगी आणायची म्हटली की तुम्ही दारात बसून आकडा वाढवता. असं करायला आमचे संचालक सरसुद्धा धजले नसते. पोरगं एकदा वर्गात बसलं की अध्येमध्ये त्याची फी वाढवायची नाही, एवढी लाज लातुरातही पाळतात.

तिकडं नवऱ्यासारखेच बरेच जण चिडले होते. केरळच्या सिस्टर, फिलिपीन्सच्या सिस्टर, आपले एक-दोघं. दर शनिवारी एका चर्चच्या हॉलमध्ये त्यांची सभा व्हायची. सह्या गोळा झाल्या, तिथल्या खासदाराला भेटून झालं, वकील गाठला आणि फीवाढीला कोर्टात आव्हान द्यायचं ठरलं. नवऱ्याच्या आवाजात मी पहिल्यांदा असा जोर ऐकला. एरवी तो साहेबाला "चालेल सर" म्हणणारा माणूस. वकिलाला घरच्यांची म्हणणी हवी होती, म्हणून मी सायबर कॅफेत बसून इंग्रजीत ई-मेल लिहिला. काय लिहिलं ते आजही आठवतं. आम्ही मेहेरबानी मागत नाही, फी न्यायाची असावी, ती सगळ्यांसाठी असावी, आणि घरच्या माणसांना दंड झाल्यासारखी नसावी. मला माझ्या इंग्रजीचा अभिमान वाटला.

दोन दिवसांनी नवऱ्याचा फोन. वकील म्हणतो, चांगलं आहे, पण जरा हळवं करा. भूकंपाचं लिहा. आईचं लिहा. त्यानं कोर्टाचं मन द्रवेल.

"तुमच्या आईचं मी लिहू? तुम्ही स्वतः कधी बोलला नाहीत माझ्याशी, आणि मी गोऱ्या जजला लिहू?"

मी काही लिहिलं नाही. मामांना मात्र हे पटलं नाही. "लिही की. खोटं हाय का? दाकल्याची झेरॉक्स बी लाव," म्हणाले. त्यांना कसं समजवायचं हेच मला कळेना. टेबलावर एवढी वर्षं बसून माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की झाली होती, की सवलत मागणारा माणूस फीला हात लावत नाही. तो आपल्यापुरतं बघतो आणि फी तशीच राहते. पण सवलतीवर ज्यांनी पोरगं मोठं केलं त्या माणसाला हे कुठल्या तोंडानं सांगायचं? मी सांगितलं नाही.

मग व्हायचं तेच झालं. नवऱ्याच्या इस्पितळानं एक दिवस जाहीर केलं, की आपल्या नर्सेसच्या परवान्याची फी इस्पितळ भरेल. नर्सेसची फक्त. घरच्यांचं ज्यानं त्यानं बघावं. नवरा फोनवर आनंदानं नुसता ओरडत होता, "अगं, माझी माफ झाली! एक पैसा नाही!" मी विचारलं, "आणि आमची?" तर म्हणाला, "होईल गं, हळूहळू होईल." पुढच्या शनिवारी त्याची ड्यूटी होती. त्याच्या पुढच्या शनिवारी थंडी फार होती. तिसऱ्या शनिवारचं मी विचारलंच नाही. त्याच्याच इस्पितळातल्या बाकीच्यांचंही तसंच झालं असणार. हॉल रिकामा झाला, आणि तो रिकामा करायला कुणाला दमडीचं भांडण करावं लागलं नाही. मी मनात म्हटलं, हा माणूस इंग्लंडला गेला खरा, पण अजून आमच्या क्लासच्या जिन्यातच उभा आहे.

इकडं आमच्या दोघींच्या फीचे दोन डी. डी. जुन्या आकड्यानं काढून ठेवलेले होते. नवी फी लागू झाली होती हे मला ठाऊक होतं, मामांनाही मी ते दहा वेळा सांगितलं होतं. तरी ते म्हणाले, "चल तर खरं. समोर बसून बोललं की फरक पडतुया." आणि मी, बी. एस्सी. बी. एड. झालेली बाई, गेले. ते म्हातारे आहेत, त्यांचं मन मोडवत नाही, असं मी स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे मलाही कुठंतरी वाटत होतं की काहीतरी कमी होईल. लातूरचं पाणी माझ्याही अंगात मुरलं होतं.

पुण्यातल्या त्या व्हिसा केंद्रात गारेगार ए. सी. होता आणि काचेपलीकडं आपलीच एक मराठी मुलगी होती. मामांनी फेटा सारखा केला, राम राम घातला आणि पाणी मागितलं. तिनं कोपऱ्यातल्या मशीनकडं बोट दाखवलं. खुर्ची ओढायला गेले तर ती जमिनीला स्क्रूनं आवळलेली. मग त्यांनी तो दाखला काढून काचेखालून आत सरकवला.

"हे काय आहे, काका?"

"भूकंपात आमचं समदं गेलं, बाई. हिची सासू गेली. ह्याच्यावर फी कमी व्हती."

ती मुलगी वाईट नव्हती. तिनं दाखला नीट वाचला, चेहरा पाडला आणि हळू आवाजात म्हणाली, "काका, इथं असं काही चालत नाही. फी तिकडून ठरते. मला त्यात काही करता येत नाही." मामांनी मग दुसरा डाव टाकला. "बरं, हे लेकरू. येष्टीत तिला तिकीटच न्हाई लागत. हिचं तरी अर्धं घ्या." मुलीनं मान हलवली. लेकराचीही पूर्ण. दोघींच्या जुन्या पैशात आता नव्या फीनं एकीचंच होत होतं. "एकीचा अर्ज आधी करा हवं तर," ती म्हणाली आणि आमच्या मागचा नंबर पुकारला. दाखला काचेखालून परत आला. मामांनी तो धोतरानं पुसला, उगीचच, आणि खिशात ठेवला. परतीच्या गाडीत लातूर येईपर्यंत मी खिडकीकडं तोंड करून रडत होते. दुःखानं नाही, अपमानानं.

रविवारी फोन आला. मी स्पीकर लावला, मामा बाजेवर होते, पोरगी त्यांच्या मांडीवर. मी झालेलं सगळं सांगितलं. नवरा बराच वेळ हं हं करत राहिला आणि मग म्हणाला, "असं करू. तू एकटी ये आधी. पोरगी राहील बाबांपाशी वर्षभर. तेवढ्यात मी बघतो, इथं मुलांसाठी काही सवलत निघते का. ओळख काढतो कुणाची तरी."

मी मामांकडं पाहिलं. मला वाटलं ते होय म्हणतील. नातीला ठेवून घ्यायला ते एका पायावर तयार झाले असते, जीव होता त्यांचा तिच्यावर. त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला. स्पीकर चालू आहे हे त्यांच्या ध्यानात नव्हतं, ते शेताच्या बांधावरून हाक मारावी तसे बोलले.

"आरं, तुजी माय मेली म्हणून तुजी फी अर्धी झाली. हिची माय जित्ती हाय, ही बग, माझ्यापुढं हुबी हाय. हिची फी कमी कराया मी आता कोनाला मारू? सांग की. कोनाला मारू?"

पोरगी घाबरून माझ्याकडं आली. मामांनी फोन बाजेवर ठेवला आणि ते बाहेर नळाखाली तोंड धुवायला गेले. सासूबाई गेल्याचं मामांच्या तोंडून त्या घरात पहिल्यांदा निघालं ते असं.

नवरा त्या शनिवारी सभेला गेला. त्याला धरून चौघं होते म्हणाला. मी म्हटलं, चौघं तर चौघं, पुढच्याही शनिवारी जा. तो जात राहिला. केस ते हरले. फी किती ठेवायची हा सरकारचा प्रश्न आहे, असं कोर्टानं सांगितलं म्हणे, आणि पुढं ती आणखी वाढली. दोघींची फी एकदम जमली नाही आणि पोरीला सोडून मी जाणार नव्हते, म्हणून आम्ही दोघी कधीच गेलो नाही. करार संपल्यावर तोच परत आला.

आता तो इथल्याच एका दवाखान्यात ब्रदर आहे. तिकडच्या पगाराच्या मानानं इथलं काहीच नाही, आणि ते ऐकवल्याशिवाय पाहुणे चहा पीत नाहीत. एवढं चांगलं इंग्लंड सोडून आलात, वर तिथं तुमच्या परवान्याची फी इस्पितळच भरत होतं म्हणे, मग कशाला आलात? पहिल्या-पहिल्यांदा तो काहीबाही सांगायचा, हवा मानवली नाही वगैरे. आता सरळ सांगतो.

"तिथं माझी एकट्याचीच माफ होती."