मास्तरांनी घातलेले टाके

आमच्या शेजारचे शिंपी, म्हणजे मास्तर, भारी किरकिरे. एक दोरा सुटलेला दिसला तरी अख्खी बाही उसवतील. त्यांच्या दुकानाला लागूनच माझं इस्त्रीचं टेबल, त्यामुळे मीही त्यांची भरपूर बोलणी खाल्ली आहेत.

एकदा चौकात दोन टोळकी भिडली. मास्तर गिऱ्हाइकाची पँट पोचवायला निघाले होते, आणि गोळी शिरली ती यांच्या पोटरीत. मी त्यांना हातगाडीवर घालून हॉस्पिटलात नेलं. "पाय वाचवा, डॉक्टरबाई," एवढंच त्यांचं चाललं होतं. पायाशिवाय मशीन कसं चालवणार?

डॉक्टरबाईंनी मेलेलं मांस काढलं, जखम धुतली आणि न शिवता वर नुसती पट्टी बांधली. "गोळीबरोबर घाण आत जाते. चार-पाच दिवस उघडी ठेवू. स्वच्छ राहिली तर शिवू."

मास्तरांना ते काही पटेना. "उसवून ठेवलंय नुसतं! असं अर्धवट काम मी केलं असतं तर जोडे खाल्ले असते." सदऱ्याचं बटण तुटलंय म्हणून त्यांनी वहिनींकडे, म्हणजे आपल्या बायकोकडे, सुई-दोरा मागितला. त्या भोळ्या बाईनं आणून दिला. दुपारी वॉर्ड पेंगत असताना या गृहस्थांनी दातओठ खात स्वतःची पोटरी शिवून टाकली.

दुसऱ्या दिवशी पाय टम्म फुगला, अंग तापानं फणफणलं. पट्टी सोडताच डॉक्टरबाई कडाडल्या, "सुई कोणी दिली?"

वहिनींचा चेहरा पांढराफटक पडला.

"कोणी नाही," मास्तर कण्हत म्हणाले. "माझ्या कॉलरला टोचलेली असतेच."

मला त्यांचा रागही आला आणि कीवही. टाके कापले, पू काढला, आणखी मांस गेलं. पाय राहील की नाही, डॉक्टरबाईही सांगेनात. शेवटी राहिला, पण घोट्यात कायमचा ताठ.

आता मशीनवर दोघं बसतात. पायडल वहिनी मारतात, कापड मास्तर सरकवतात. वेग चुकला की भांडण ठरलेलं. पण मास्तरांनी हातसुई मागितली, की वहिनी ती मुठीत धरून तशाच बसून राहतात.

"दे गं," मास्तर हळूच म्हणतात. "या वेळी खरंच बटण लावायचंय."